रेघ नेमकी कुठे? शाकाहार आणि व्हीगन आहाराच्या निर्णयामागचा इतिहास

मांस सोडावं का, आणि सोडलंच तर दूध-अंड्यांचं काय (तीही सोडली की तो आहार ‘व्हीगन’), हा प्रश्न आजचा वाटतो. पण प्राचीन ग्रीक जगातला या विषयावरचा जो मोठा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला आहे, तो लिहिला गेला शाकाहार सोडून पुन्हा मांसाकडे वळलेल्या एका मित्रासाठी. तिसऱ्या शतकातला तत्त्वज्ञ पॉर्फिरी आणि त्याचा मित्र फर्मस कॅस्ट्रिशियस हे दोघंही प्लॉटायनस या तत्त्वज्ञाच्या शिष्यवर्तुळातले. मित्र पुन्हा मांस खाऊ लागल्याचं कानावर आलं, तेव्हा पॉर्फिरीने त्याला चार भागांचं उत्तर लिहिलं. मित्र बधला की नाही, याची नोंद नाही. पण नियम करून तो मोडणारी माणसं तेव्हाही होती.

त्याआधी सुमारे पाचशे वर्षं अशोकाने पहिल्या शिलालेखात आपल्या मुदपाकखान्याचा हिशेब कोरून ठेवला होता. पूर्वी तिथे रोज लाखो प्राणी मारले जात, आता फक्त तीन: दोन मोर आणि एक हरिण, आणि हरिणही नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं आश्वासन शेवटी आहे. एकदम बंद करण्याऐवजी कमी करत नेण्याचा इतका जुना आणि इतका प्रांजळ जाहीरनामा दुसरा सापडणं अवघड.

दुधाची रेघही विसाव्या शतकात उमटलेली नाही. अकराव्या शतकातला सीरियाचा अंध कवी अल-मआर्री मांस, मासे, अंडी, मध आणि दूध हे सगळंच टाळत असे. आईने पिल्लासाठी आणलेलं दूध माणसाने का घ्यावं, हा त्याचा सवाल होता. एका धर्मपंडिताने पत्रं पाठवून कारण विचारलं, तेव्हा उत्तरात करुणेच्या जोडीला त्याने आपलं तुटपुंजं उत्पन्नही पुढे केलं. हे मला फार खरं वाटतं. आहार बदलण्यामागे सहसा एकच कारण नसतं आणि सगळीच कारणं उदात्त नसतात.

बेंजामिन फ्रँकलिनचंही तसंच. सोळाव्या वर्षी टॉमस ट्रायॉनचं शाकाहाराचा पुरस्कार करणारं एक पुस्तक वाचून त्याने मांस सोडलं. तेव्हा तो बॉस्टनमध्ये भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता. माझ्या जेवणावर खर्च करतोस त्याच्या निम्मे पैसे मला दे, माझं मी बघतो, असा सौदा त्याने भावाशी केला. त्यातलेही निम्मे वाचले, ते पुस्तकांवर गेले. बाकीचे जेवायला गेले की हा पावाचा तुकडा, मूठभर मनुका आणि पाणी घेऊन वाचत बसे. पुढे बॉस्टन सोडून जाताना वारा पडला, जहाज ब्लॉक बेटाजवळ अडकलं आणि खलाशांनी कॉड मासे धरले. तव्यावरून वास आला तसं तत्त्व आणि जीभ यांचं भांडण जुंपलं. मग त्याला आठवलं की चिरताना या माशांच्या पोटातून लहान मासे निघाले होते. तुम्ही एकमेकांना खाता, मग मी तुम्हाला का खाऊ नये? तो पोटभर जेवला. आत्मचरित्रात त्याने वर टोमणाही मारला आहे: माणूस विवेकी असतो हे किती सोयीचं, जे करायचं असेल त्याला कारण सापडतंच.

‘व्हेजिटेरियन’ हा शब्द रूढ होईपर्यंत युरोपात मांस न खाणाऱ्याला ग्रीक तत्त्वज्ञ पायथागोरसच्या नावावरून ‘पायथागोरसपंथी’ म्हणत. १८०९ साली इंग्लंडमधल्या सॅल्फर्डमध्ये विल्यम काउहर्ड या धर्मोपदेशकाने आपल्या पंथाच्या अनुयायांना मांसत्यागाचा नियम घातला. त्या पंथातली मंडळी १८४७ साली रॅम्सगेटच्या बैठकीत पुढे होती आणि तिथेच ब्रिटनची व्हेजिटेरियन सोसायटी जन्माला आली. तिथून या आहाराला सभासदत्व, मासिक आणि उपाहारगृहं मिळाली. इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा: त्यांच्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं बसतं, आपल्या ‘शाकाहारी’त सहसा बसत नाही. परदेशी संशोधनाच्या बातम्या वाचताना यावरून हमखास घोळ होतो.

१८८८ साली लंडनला गेलेले गांधी याच घोळात सापडले होते. मांसाला शिवणार नाही, अशी शपथ त्यांनी आईसमोर घेतली होती. पण ती केवळ शपथ होती, पटलेलं मत नव्हे. सगळ्या भारतीयांनी मांस खाऊन बळकट व्हावं, असंच त्यांना मनातून वाटत होतं. अर्धपोटी भटकताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह दिसलं. दाराशी विक्रीला ठेवलेल्या पुस्तकांतलं हेन्री सॉल्ट यांचं शाकाहाराची बाजू मांडणारं एक पुस्तक त्यांनी शिलिंग देऊन घेतलं आणि इंग्लंडात पाऊल ठेवल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवले. ते पुस्तक वाचल्यावर आपण स्वेच्छेने शाकाहारी झालो, असं त्यांनी लिहिलं आहे.

मग पुढची अडचण आली. मांस म्हणजे काय, याच्या तीन व्याख्या त्यांना तिथे भेटल्या. पहिलीत फक्त पशुपक्ष्यांचं मांस वर्ज्य, दुसरीत मासेही वर्ज्य पण अंडी चालतात, तिसरीत अंडी आणि दूध दोन्ही बाद. काही काळ त्यांनी अंडी खाल्लीही. मग विचार केला की शपथ आईने दिली, तेव्हा अर्थही आईच्या मनातलाच धरायला हवा, आणि अंडी सोडली. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूधही सोडलं. पण १९१८ च्या आजारपणात प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टर दुधासाठी अडून बसले. तुमची शपथ गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीच्या दुधाला काय हरकत, असा मार्ग कस्तुरबांनी सुचवला. गांधींनी तो पत्करला. शपथेचा शब्द राहिला, आत्मा गेला, ही खंत त्यांना पुढे कायम सलत राहिली.

दुधावरच १९४४ मध्ये ब्रिटनमध्ये फूट पडली. सुतारकाम शिकवणारे शिक्षक डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हेजिटेरियन सोसायटीच्या मासिकात दुग्धमुक्त आहारासाठी वेगळी जागा मागितली, ती नाकारली गेली. नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतंत्र संस्था काढली. ‘व्हेजिटेरियन’ या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून ‘व्हीगन’ शब्द तयार झाला. काळ युद्धाचा, रेशनिंगचा. शाकाहारी म्हणून नाव नोंदवणाऱ्याला मांसाच्या बदल्यात सरकार जादा चीज देई, म्हणजे नेमकं या नव्या मंडळींना नको तेच. पुढे संस्थेने व्याख्येत ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ अशी पुस्ती जोडली. कॅप्सूलचं आवरण किंवा औषधातला घटक प्राणिजन्य आहे, यावरून अडणाऱ्यांना ती आजही उपयोगी पडते.

या मंडळींना एक गोष्ट माहीत असणं शक्यच नव्हतं. बी-१२ जीवनसत्त्व वेगळं काढण्यात यश आलं ते १९४८ मध्ये, संस्था स्थापन झाल्यावर चार वर्षांनी. हे जीवनसत्त्व ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते बनवतात जिवाणू आणि प्राण्यांमार्फत ते आपल्या ताटात येतं. यकृतात त्याचा साठा असतो, त्यामुळे आहार बदलल्यावर कित्येक महिने, कधी काही वर्षंही, काहीच जाणवत नाही. मला काही त्रास नाही, हा पहिल्या वर्षातला अनुभव म्हणूनच पुरावा ठरत नाही. व्हीगन आहारात बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ लागतातच, यावर आता तज्ज्ञांत वाद नाही. प्रथिनं कमी पडण्याची भीती मात्र ओसरली. १९७१ मध्ये अमेरिकन लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांनी प्रथिनं पुरी पडावीत म्हणून प्रत्येक जेवणात धान्य आणि डाळींची जोडी जुळवायला सांगितलं होतं. दहा वर्षांनी त्यांनीच तो आग्रह मागे घेतला.

आरोग्याचा कौल त्यानंतरही एका बाजूला झुकलेला नाही. सुमारे ४८,००० लोकांच्या ऑक्सफर्डच्या पाहणीत (२०१९) शाकाहारी गटात हृदयविकाराचं प्रमाण मांसाहारींपेक्षा २२ टक्के कमी निघालं आणि पक्षाघाताचं २० टक्के जास्त. टक्केवारी सोडून माणसं मोजली तर दहा वर्षांत दर हजारी हृदयविकाराचे १० रुग्ण कमी, पक्षाघाताचे ३ जास्त. त्याच लोकांवरच्या पुढच्या अभ्यासात व्हीगन मंडळींत हाडं मोडण्याचं प्रमाण अधिक आढळलं.

१९७५ मध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी आपल्या पुस्तकात प्रश्न प्राण्याच्या वेदनेवर आणून ठेवला आणि रेघ कोळंबी व कालव यांच्यामध्ये कुठेतरी मारली. पुढच्या आवृत्तीत ती हलवून कालवंही वर्ज्य ठरवली. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेसेक या संशोधकांनी अन्नाचा पर्यावरणावरचा भार मोजायला ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची आकडेवारी जमवली, तेव्हा रेघ आणखी वेगळीच निघाली. १०० ग्रॅम प्रथिनांमागे मांसासाठी पाळलेल्या गोवंशाच्या मांसाचं हरितगृह वायूंचं सरासरी उत्सर्जन (कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात) ५० किलोच्या आसपास, चीजचं ११ आणि कोंबडीचं ६ च्या आत. हवामानासाठी कोंबडी सोडून त्या जागी चीज वाढवणाऱ्याचा हिशेब इथे उलटा पडतो.