दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा?

‘एकाच्या नजरेतून सुटलेला व्हायरस दुसरा पकडेल, म्हणून दोन टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. ऐकायला पटतो, पण चुकीचा आहे.

अँटीव्हायरस नुसता अधूनमधून स्कॅन करत नाही. तुम्ही फाइलवर डबल-क्लिक केलं की ती उघडण्याआधी मध्येच अडवून तपासतो. असे दोघे एकाच दारात उभे केले, की पहिला तपासायला फाइल उघडतो, ते उघडणं दुसऱ्याला दिसतं आणि तोही तीच फाइल हातात घेतो. साधा फोटो उघडायला कॉम्प्युटर रखडतो. त्यात एकाने क्वारंटाइनमध्ये (संशयित फाइली वेगळ्या डांबून ठेवायच्या जागेत) टाकलेल्या फाइलवर दुसरा झडप घालतो, मग इशाऱ्यांवर इशारे. कधी मशीन सरळ हँग.

मायक्रोसॉफ्टने हे गृहीतच धरलंय. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा त्यांचा स्वतःचा अँटीव्हायरस सिस्टीमसोबतच मिळतो, आणि दुसरा अँटीव्हायरस टाकला की सहसा स्वतःहून बाजूला होतो. म्हणजे विकतचा नाही म्हणून कॉम्प्युटर उघडा पडला, असंही नाही.

विकत घ्यायचाच असेल तर एव्ही-टेस्ट, एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल बघा. नुसती पकड नको, चांगल्या फाइलींवर किती वेळा खोटा आळ घेतला तेही बघा. (मला तर तोच आकडा जास्त बोलका वाटतो.)

दुसरं मत हवंच असेल, तर सांगितल्यावरच चालणारा स्कॅनर ठेवा. आणि जुना अँटीव्हायरस काढताना त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल असेल तर तेही चालवा; नुसत्या अनइन्स्टॉलने त्याचे ड्रायव्हर (सिस्टीमच्या आत खोलवर चालणारे तुकडे) मागे राहू शकतात.