माळ अठरा मिनिटांची

सज्जनगडामुळे साताऱ्याकडे ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरी मंत्र ठाऊक नाही असं घर शोधावं लागेल. हाच मंत्र एकदा घड्याळ समोर ठेवून म्हणून बघा. चार सेकंद नाकानं श्वास घ्यायचा, मग सहा सेकंद सावकाश सोडत एकदा मंत्र पुटपुटायचा. दहा सेकंदांत एक जप, मिनिटाला सहा, म्हणजे १०८ मण्यांची माळ बरोबर १८ मिनिटांत. पाच मिनिटांत माळ उरकणाऱ्याचा जप मोजला जातो, पण श्वासाला त्याची खबरच लागत नाही.

आणि ध्यानाचा शरीराला होणारा पहिला फायदा श्वासाच्याच वाटेनं येतो. एरवी आपण मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोट ठेवलं तर पुष्कळांना ते कळतं. मंदावण्याचं काम व्हेगस या मज्जातंतूचं. शिवाय मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत रक्तदाब जोखणारी यंत्रणा असते. दाब वाढला की ती हृदयाला आवरते, घटला की मोकळं सोडते. या चढउताराची एक फेरी साधारण दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा झाला, की पंचमीच्या झोक्याला नेमक्या वेळी रेटा मिळावा तसं होतं. जोर तेवढाच, पण झोका उंच जातो.

२००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांवरचा प्रयोग छापला. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना असो की ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि दाब सावरणारी यंत्रणा अधिक तल्लख झाली. हे वाचून कुणी खट्टू होईल, कुणी खूश. लय मात्र दोघांची एकच.

इथेच नवखा माणूस फसतो. सावकाश म्हटलं की तो छाती फुगवून श्वास ओढतो. हवा जास्त आत-बाहेर झाली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. याला काही जण चक्क अनुभूती समजतात! तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. पुन्हा बसाल तेव्हा श्वास लांबवा, पण भरू नका. शेजारच्याला ऐकू येऊ नये इतका हलका ठेवा.

पायाला येणाऱ्या मुंग्या वेगळ्या. त्या बहुतेक वेळा नस दबल्यामुळे येतात. घोंगड्याच्या घड्यांवर घड्या घालून तीन-चार इंच उंची करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात. मांडी घालवत नसेल तर खुर्ची चालते. जेवणानंतर मात्र दोन तास जाऊ द्या, नाहीतर पेंग ठरलेली.

आता मनाचं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात वेंडी हॅसेनकँप यांनी २०१२ मध्ये ध्यान करणाऱ्यांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि मन भटकल्याचं लक्षात येताच बटण दाबायला सांगितलं. भटकणं, ते ध्यानात येणं, परत वळणं, टिकणं असं चक्र दिसलं. प्रत्येक टप्प्याला मेंदूचे वेगळे भाग जागे. मुरलेल्यांचंही मन भटकत होतंच. सांगलीकडे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी भल्या पहाटेही ऐकू येतात. तेव्हा चडफडू नका. गाण्यामागे मन गेलं हे कळलं आणि ते मण्यावर परत आलं, एवढाच त्या दिवसाचा व्यायाम. मन दहादा गेलं तर दहा जोर निघाले.

वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचं दुखणं उलटं: जीभ आपोआप चालते, बोटं मणी ओढतात आणि डोक्यात हळदीचा भाव असतो. आठवड्यातून दोन दिवस माळ बाजूला ठेवून नुसते श्वास एक ते दहा मोजा. आकडा चुकला की पुन्हा एकपासून. सत्तावीसवर जाऊन पोचलात, तर काय झालं ते सांगायला नको. डुलकी येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवा. रोजच येत असेल तर रात्रीची झोप कमी पडते आहे.

फायद्यांचे दावे जरा पारखून घ्यावेत. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. चिंता, खिन्नता आणि वेदना यांत माफक उतार दिसला. व्यायाम किंवा औषधांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा मिळाला नाही. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते ही लाडकी बातमीही २०२२ च्या मोठ्या अभ्यासात टिकली नाही. म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनानं सोडायची नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर दहा-दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. लांबलेल्या ध्यानानं काहींची अस्वस्थता वाढते.

सुरुवातीलाच १८ मिनिटं धरू नका. पहिले पंधरा दिवस ३० मणी, म्हणजे पाच मिनिटं. मग ५४ मणी, नऊ मिनिटं. तिसाव्या आणि चोपन्नाव्या मण्यापाशी रंगीत दोरा बांधून ठेवला, की डोळे मिटलेलेच राहतात आणि घड्याळाचं काम बोटं करतात.