सरफेस वेव्ह प्लाझ्मा

मायक्रोवेव्हची लाट क्वार्ट्झच्या पृष्ठभागावरून पसरवून मोठ्या जागेवर एकसारखा, दाट प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून विजेचा भार आलेला गॅस, तयार करायची पद्धत.

चेंबरमधली हवा काढून कमी दाबाचा गॅस सोडतात, वर क्वार्ट्झची जाड प्लेट, तिच्यावर फटी पाडलेला वेव्हगाइड, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणारी धातूची पोकळ नळी, आणि त्यातून 2.45 गिगाहर्ट्झचा मायक्रोवेव्ह, म्हणजे घरच्या ओव्हनचीच फ्रीक्वेन्सी. गॅस पेटला, म्हणजे त्याचा प्लाझ्मा झाला, की सुटे इलेक्ट्रॉन वाढत जातात आणि एका घन सेंटीमीटरमधे साधारण 7,400 कोटींच्या वर गेले की प्लाझ्मा लाटेला आत शिरूच देत नाही. वाटतं की आता काम बंद पडणार, पण या पद्धतीचं सगळं मोल इथंच आहे. आमच्या काळ्या मातीत मिरगाचं पाणी आधी भेगांमधे जिरतं, अन् माती भरली की तेच पाणी वावरभर वरून पसरत जातं, तसंच हे. घनता अजून पाचेक पट वाढली, 35 हजार कोटींच्या पुढं गेली, की लाट प्लेट अन् प्लाझ्माच्या सीमेला धरून धावते, आत काही मिलिमीटरमधेच तिचा जोर संपतो. म्हणून ऊर्जा मिळते ती प्लेटला लागून असलेल्या इलेक्ट्रॉनांना, तिथं बनलेला प्लाझ्मा खाली पसरतो आणि काही सेंटीमीटर खाली इलेक्ट्रॉन 1-2 इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे त्यांच्या ऊर्जेचं माप) आलेले असतात, त्यामुळं खालच्या वस्तूवर आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू-रेणू, फार जोरात आदळत नाहीत.

ईसीआर (इलेक्ट्रॉन सायक्लोट्रॉन रेझोनन्स) या मायक्रोवेव्हनंच प्लाझ्मा करायच्या दुसऱ्या पद्धतीला 875 गॉसचं चुंबकीय क्षेत्र लागतं, इथं चुंबकच नको, अन् मोठं मशीन बनवायचं तर यासारखा फायदा नाही.

1970च्या दशकात मिशेल मोझां हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्फाट्रॉन हे अशाच लाटेवर चालणारं उपकरण बनवलं, त्यात नळीमधे लांबलचक प्लाझ्मा मिळायचा. सपाट प्लेटवरच्या मोठ्या प्लाझ्मावर पुढं जपानमधे भरपूर काम झालं, त्यात नागोया विद्यापीठाच्या हिदेओ सुगाईंच्या गटाचं काम महत्त्वाचं.

अडचण एकसारखेपणाची. लाट प्लेटच्या कडेवरून परत फिरते, जाणारी-येणारी मिळून ठिकठिकाणी उजळ-फिके पट्टे पडतात, आणि पॉवर कमीजास्त केली की पट्ट्यांची मांडणी बदलून घनता एकदम उडी मारते. फटी कुठं अन् केवढ्या पाडायच्या यावरच बरंच काही अवलंबून असतं, खरं कसब तिथं लागतं.

उपयोग चिप बनवताना कोरीव कामात आणि हिऱ्याचे पातळ थर द्यायला होतो, पण आपल्या कास्तकारांच्या जवळचा उपयोग सोलरचा. यवतमाळ-वाशिमकडं वावरात सोलर पंपाच्या ज्या निळ्या प्लेटा दिसतात, तो रंग सिलिकॉन नायट्राइडच्या सुमारे 75-80 नॅनोमीटर थराचा, ऊन परत फिरू नये म्हणून दिलेला. तो थर द्यायच्या काही मशीनींमधे क्वार्ट्झची लांब नळी असते, आत तांब्याचा दांडा, दोन्ही टोकांकडून मायक्रोवेव्ह देतात, प्लाझ्मा नळीच्या बाहेरून लांबीभर पेटतो, आणि सायलेन (सिलिकॉन असलेला गॅस) अन् अमोनियाच्या गॅसमधे ट्रेवर मांडलेले सेल त्याच्या खालून सरकत जातात.