पिनल क्रीकच्या जमिनीने किती आम्ल पचवलं?

खाणीचं झिरपणारं पाणी जमीन आपोआप गाळून घेते, असं सर्रास म्हटलं जातं. ते किती खरं, हे ज्या मोजक्या ठिकाणी वर्षानुवर्षं मोजलं गेलं, त्यांतलं एक म्हणजे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनामधलं पिनल क्रीकचं खोरं.

ग्लोब आणि मायामी ही इथली खाणींची गावं. १८७० च्या दशकात माणसं आली ती चांदीसाठी. पुढे तांब्याने खोरं व्यापलं. खनिजातलं तांबं सुटावं म्हणून गंधकाम्ल वापरलं जाई. शिवाय टाकाऊ ढिगांतल्या गंधकयुक्त खनिजांना हवा-पाणी लागून आम्ल तयार होई, ते वेगळंच. यातलं बरंच पाणी वेब्स्टर लेक या तळ्यात साठे. तळ्याच्या तळाशी अस्तर नव्हतं. १९८८ मध्ये ते रिकामं केलं, तोवर दूषित भूजलाचा पट्टा सुमारे १५ किलोमीटर पसरला होता.

अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८४ पासून इथे अभ्यास सुरू केला. दिसलं ते असं: नदीच्या गाळात चुनखडीचे कण असतात. कोकणातली आंबट जमीन सुधारायला आपण चुना घालतो, तेच काम ते करतात. सामू (pH) वर चढतो म्हणजे पाण्याचा आम्लपणा घटतो, लोह गंजासारखं खाली बसतं, तांबंही बरंचसं पाण्यातून निघतं. पण प्रत्येक लिटर आम्लामागे थोडी चुनखडी संपते. जिथली संपली तिथून आम्ल पुढे सरकतं. ही झीज मला या सगळ्या कहाणीत सर्वांत महत्त्वाची वाटते.

मँगनीज मात्र हट्टी. ते विरघळलेलंच राहतं. उलट पाण्यातलं लोह गाळातलं जुनं मँगनीजही सोडवतं. भूजल जिथे वर येऊन ओढा वाहू लागतो, तिथे तळच्या वाळूत प्राणवायू मिळतो. मग जिवाणूंच्या मदतीने मँगनीजचा काळा थर गोट्यांवर धरतो. खोऱ्यातून बाहेर जाणाऱ्या विरघळलेल्या मँगनीजपैकी सुमारे २० टक्के असं अडतं. बाकीचं खाली वाहत जातं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये नैसर्गिक शुद्धीकरणाबद्दल धोरण काढलं. निसर्गावर सोडून हात झटकायला त्यात जागा नाही: आधी प्रदूषणाचा उगम आवरायचा, मग सतत मोजत राहायचं. पिनल क्रीकमध्येही आम्लयुक्त भूजल पंपाने उपसून त्यावर प्रक्रिया करावी लागली.