अप्रेंटिसशिप अर्धवट राहिली तर मालक बदलायची सोय आली कुठून

समजा भोसरीतल्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये एक पोरगा मशिनिस्टची अप्रेंटिसशिप करतोय, १३ महिने झालेत आणि एक दिवस मालकाने शटर ओढलं. मग ते १३ महिने पाण्यात गेले का? कायद्याने तरी नाही, उरलेले महिने दुसऱ्या कंपनीत पूर्ण करता येतात. आज हे साधं वाटतं, पण आधी कित्येक शतकं ती मुदत पोराची मानलीच जायची नाही, ती मालकाची असायची.

अगदी जुनं बघायचं तर नारदस्मृती, म्हणजे धर्मशास्त्राचा जुना संस्कृत ग्रंथ. त्यात कारागिरी शिकणाऱ्याला अंतेवासी म्हटलंय. त्याने घरच्यांना विचारून, किती वर्षं ते आधी ठरवून, गुरूकडे राहायला जायचं, गुरूने त्याला जेवू घालायचं, पोटच्या पोरासारखं वागवायचं आणि दुसऱ्याच कामाला जुंपायचं नाही. (हे शेवटचं आज चहा आणायला नि गोडाऊन झाडायला लावणाऱ्यांनी वाचावं.) पण नीट शिकवणाऱ्या, काही दोष नसलेल्या गुरूला सोडून शिष्य पळाला तर त्याला जबरदस्तीने परत आणायचं, वर शिक्षाही. आणि काम लवकर शिकून झालं तरी ठरलेली मुदत भरेपर्यंत तिथेच राहायचं, तोवरच्या कामाचा नफा गुरूचा. गुरू दोषी असेल तर ही सक्ती नाही असा अर्थ त्यातून निघतो, पण मग पोराने उरलेली वर्षं कुठे काढायची यावर त्या श्लोकांत काही नाही.

तिकडे इंग्लंडात १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी (म्हणजे अप्रेंटिसशिपच) पक्की केली, ती सक्ती उठली थेट १८१४ मध्ये. पण लंडनच्या कारागीर संघांत एक पद्धत होती, मालक मेला किंवा त्याचं दिवाळं निघालं की पोराला त्याच धंद्यातल्या दुसऱ्या मालकाकडे 'टर्न ओव्हर' करायचे आणि संघाच्या वहीत तशी नोंद व्हायची. म्हणजे झालेली वर्षं धरली जायची. माझ्या मते आजच्या ट्रान्सफरचं मूळ असल्याच नोंदीत आहे.

आपल्याकडे पहिला कायदा १८५० चा, कंपनी सरकारचा. तो मुख्यतः अनाथ आणि गरीब पोरांसाठी होता. १० ते १८ वयाच्या मुलाला बाप किंवा पालक जास्तीत जास्त सात वर्षांसाठी करारात बांधून देऊ शकत होता. बांधून देणं हाच शब्द बरोबर आहे. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही कागदावर होता, तो रद्द केला १९६१ च्या अप्रेंटिसेस अ‍ॅक्टने.

आणि या १९६१ च्या कायद्यात कलम ५ आलं. हेडिंगमध्ये 'नोव्हेशन' असा वकिली शब्द आहे, म्हणजे जुन्या कराराच्या जागी नवा करार. आत एकच लांबलचक वाक्य आहे, त्याचा मतलब असा की मालकाला कुठल्याही कारणाने करार पाळणं जमत नसेल तर जुना मालक, उमेदवार (अठरा वर्षांखालचा असेल तर पालक) आणि नवा मालक या तिघांनी मिळून, अप्रेंटिसशिप अ‍ॅडव्हायझरच्या (म्हणजे अप्रेंटिसशिप बघणारा सरकारी अधिकारी) मंजुरीने, उरलेल्या मुदतीचा करार करायचा. ज्या दिवशी तो रजिस्टर झाला त्या दिवसापासून जुना करार संपला, कोणी कोणाचं देणं लागत नाही.

हे लागतंच कशाला? कारण त्याच कायद्यातलं कलम १८ म्हणतं की अप्रेंटिस हा ट्रेनी आहे, वर्कर नाही, म्हणून कामगार कायदे त्याला लागू नाहीत. कंपनी बंद पडली की पर्मनंट कामगार निदान कपातीची भरपाई मागू शकतो, अप्रेंटिसला तो रस्ताच नाही. मालकाच्या चुकीमुळे करार तुटला तर कलम ७ खाली भरपाई आहे, पण १९९२ च्या नियमांत ती शेवटच्या तीन महिन्यांच्या स्टायपेंडएवढीच ठेवली होती. तीन महिन्यांचे पैसे मिळाले तरी मुदत पूर्ण झाल्याशिवाय ट्रेड टेस्टला (म्हणजे त्या कामाच्या शेवटच्या परीक्षेला) बसता येत नाही आणि टेस्टशिवाय सर्टिफिकेट नाही, मग करायचं काय त्या पैशांचं. त्यामुळे पोराच्या दृष्टीने खरी किंमत कलम ५ लाच.

पुढे १९७३ ला डिग्री-डिप्लोमावाले या कायद्यात आले, २०१४ च्या दुरुस्तीने करार सरकारी पोर्टलवर न्यायची सोय झाली, २०१९ ला नियम बदलून स्टायपेंड वाढला आणि मुदत ६ ते ३६ महिन्यांत बसवली. कलम ५ चा गाभा मात्र तोच राहिला.

त्यातली मेख पण तशीच आहे. दार उघडतं ते मालकाला जमत नसेल तेव्हाच, पोराला चाकणला जास्त स्टायपेंड मिळतोय म्हणून नाही. तसं सोडायचं तर कलम ७ खाली करार मोडायचा अर्ज, आणि चूक उमेदवाराची ठरली तर ट्रेनिंगचा खर्च त्याच्याच अंगावर. शिवाय तीन सह्यांतली एक जुन्या मालकाची. शटर ओढून तो फोनच उचलत नसेल तर ती सही आणायची कुठून हे कलमात लिहिलेलं नाही, पोरगा फाइल घेऊन आयटीआयच्या बीटीआरआय (अप्रेंटिसांचं बेसिक ट्रेनिंग बघणारं केंद्र) ऑफिसात चकरा मारतो.