तळ्याकाठची माणसे रंगवताना: सावली आणि प्रतिबिंब

मराठीत सावलीही पडते आणि प्रतिबिंबही पडते. संस्कृतातल्या ‘छाया’ या शब्दात तर दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बागेतल्या तळ्याकाठी बसून माणसे रंगवायला शिकणाऱ्याच्या कागदावर नेमका हाच गोंधळ उतरतो. काठावर उभ्या असलेल्या बाईच्या पावलांपासून पाण्यात एक करडा, उलटा आकार ओढला जातो आणि तो धड सावली नसतो, धड प्रतिबिंबही नसतो.

सावलीची जागा सूर्य ठरवतो. चित्रकार दहा पावले बाजूला सरकला तरी ती जमिनीवर होती तिथेच राहते. मात्र तासाभरात सूर्य आकाशात सुमारे १५ अंश पुढे जातो आणि सावली फिरते. म्हणून सावल्यांच्या कडा बैठकीच्या सुरुवातीलाच एकदा आखून घ्याव्यात आणि पुढे त्या बदलू नयेत. प्रतिबिंबाची जागा पाहणाऱ्याचा डोळा ठरवतो. शांत पाण्यात प्रत्येक बिंदूचे प्रतिबिंब चित्रात त्या बिंदूच्या सरळ खालीच येते आणि डावीकडे वाकलेल्या माणसाचे प्रतिबिंबही डावीकडेच वाकते.

शिकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक लांबीत होते, कारण प्रतिबिंब म्हणजे आकृतीची उलटी नक्कल असे ते धरून चालतात. आकृती अगदी पाण्याच्या रेषेवर उभी असेल तरच हे जवळपास खरे असते. समजा, तळे १२ फूट रुंद आहे, तुम्ही अलीकडच्या काठाशी बसला आहात, तुमचा डोळा पाण्यापासून ४ फूट उंचीवर आहे, पलीकडचा सपाट काठ पाण्यापासून २ फूट वर आहे आणि बाई त्या काठापासून ४ फूट मागे उभी आहे. अशा वेळी काठाच्या आडोशामुळे तिच्या पावलांपासूनचा २ फुटांचा भाग प्रतिबिंबात दिसतच नाही. पाण्यात ती साधारण गुडघ्यांपासून वर उतरते. शिवाय प्रतिबिंबातले दृश्य पाण्याखाली ४ फुटांवर डोळा ठेवून वर पाहिल्यासारखे असते, त्यामुळे समोरून न दिसणारी हनुवटीची खालची बाजू आणि छत्रीची आतली बाजू पाण्यात दिसू शकते. हा बारकावा रंगवला गेला की आकृती खरोखर त्या काठावर उभी राहते, आणि मला तरी तळ्याकाठच्या चित्रणातला सर्वांत मोठा आनंद इथेच मिळतो.

रंगाच्या बाबतीत प्रतिबिंब वस्तूचा रंग घेऊन येते, पण पाणी त्यात थोडी भर घालते: पांढरी साडी पाण्यात किंचित गडद होते, काळे केस किंचित उजळतात. सावलीला असा उसना रंग नसतो. गढूळ पाण्यात तरंगणाऱ्या मातीच्या कणांवरचे ऊन अडले म्हणजे तिथे सावली दिसते. स्वच्छ, खोल पाण्याच्या पृष्ठभागावर ती जवळपास दिसतच नाही, आणि उथळ पाण्यात ती तळावर पडते. अगदी पायाशी, सरळ खाली पाहिले तर पाणी प्रकाशाचा जेमतेम २ टक्के भाग परावर्तित करते, म्हणून तिथे तळ दिसतो. नजर जसजशी तिरपी होत दूर जाते, तसतशी प्रतिबिंबे ठळक होतात. वारा सुटला की प्रतिबिंब उभ्या दिशेने लांबते आणि तुटते. म्हणून शिकणाऱ्याने निदान सुरुवातीला सकाळची, वारा नसलेली वेळ निवडावी.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८७६ च्या सुमारास फ्रान्समधील मॉन्जेरों येथे, त्यांचे आश्रयदाते एर्नेस्त ओशदे यांच्या बागेतले तळे रंगवले. त्या चित्रात झाडांची खोडे पाण्यात सरळ खाली उतरत लहरींबरोबर वळवळतात, आणि पलीकडच्या काठावरची मानवाकृती सावलीत इतकी मिसळली आहे की ती शोधावी लागते.