विरळ पाण्यातली काच: विद्युतभारित कलिलांची पार्श्वभूमी

काच होण्यासाठी कणांची दाटी लागते, असे साधारणपणे धरले जाते. टणक गोळ्यांच्या कलिलांत, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या मिश्रणांत, ते खरेही आहे. कणांनी सुमारे ५८ टक्के जागा व्यापली की ते अस्ताव्यस्त असतानाच अडकून पडतात, म्हणजेच काच होते, हे प्यूसी आणि व्हान मेगन यांच्या १९८६च्या प्रयोगांतून दिसले. पण कणांवर विद्युतभार असेल, तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलेले मिश्रणही गोठते. या विषयातली सगळी गंमत इथेच आहे.

त्याचा पाया १९४०च्या दशकात घातला गेला. डेर्यागिन व लँडाऊ यांनी १९४१मध्ये, फरवे व ओव्हरबेक यांनी १९४८मध्ये, भारित कणांमधल्या बलांचा हिशेब मांडला. पाण्यातले विरुद्ध भाराचे आयन (भारित अणू-रेणू) कणाभोवती जमून त्याचा भार झाकतात. अगदी शुद्ध पाण्यात कणांचे प्रतिकर्षण शेकडो नॅनोमीटर पोहोचते; समुद्राच्या पाण्यात एक नॅनोमीटरही नाही. म्हणूनच पॉलिस्टायरिनचे दुधाळ लॅटेक्स (पाण्यात तरंगणारे प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे) आयन काढून घेणाऱ्या रेझिनने स्वच्छ केले की कण स्फटिकासारखे रांगेत बसतात आणि बाटलीत ओपलसारखे रंग चमकतात. चिमूटभर मीठ टाका, रंग गेले.

रांग मोडून काच कशी करायची? लिंडसे आणि चायकिन यांनी १९८२मध्ये दोन आकारांचे भारित गोळे एकत्र केले. स्फटिक जुळेना, तरी मिश्रणाला घनाची लवचीकता आली. १९८९मध्ये सिरोटा आणि सहकाऱ्यांनी सिंक्रोट्रॉन या कणत्वरकाच्या प्रखर क्ष-किरणांनी द्रव, स्फटिक आणि काच यांचा एकत्र नकाशाच काढला. त्यात कणांनी २० टक्क्यांच्या आसपास जागा व्यापली की काच सुरू होत होती.

खरा वाद पेटला तो लॅपोनाइटवरून. ही कृत्रिम माती. तिच्या चकत्या सुमारे २५ नॅनोमीटर रुंद आणि जेमतेम एक नॅनोमीटर जाड. पाण्यात दोन-तीन टक्के घातली की आधी ओतता येते, मग काही तासांत किंवा दिवसांत थिजते. हे कण एकमेकांना चिकटून जाळे विणलेले जेल, की केवळ प्रतिकर्षणाने जागीच रोखलेली काच? बॉन आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये नमुने बारीक गाळून घेतले, तेव्हा जाळ्याचा पुरावा मानली जाणारी प्रकाश-विकिरणाची खूण नाहीशी झाली. ती न विरघळलेल्या गुठळ्यांची होती. त्यांनी याला 'विग्नर काच', म्हणजे प्रतिकर्षणातून झालेली काच, म्हटले.

पुढे रुझिका, झाकारेली आणि सहकाऱ्यांनी फार साधी, म्हणूनच मला फार आवडणारी कसोटी लावली: थिजलेल्या नमुन्यावर पाणी ओतायचे. नुसत्या प्रतिकर्षणाने रोखलेले कण जागा मिळताच पांगतात, एकमेकांना चिकटलेले पांगत नाहीत. तीन टक्क्यांचा ताजा नमुना वितळला, दीड टक्क्याचा तसाच राहिला. म्हणजे दाट मिश्रणात काच, विरळ मिश्रणात जेल. २०१४मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली: तीन टक्क्यांची काचही काही दिवसांनी पाण्याने वितळेनाशी होते, कारण तोवर चकत्यांच्या कडा आणि पृष्ठभाग यांच्यातले आकर्षण प्रतिकर्षणावर मात करू लागलेले असते.